रांगेत मागे सरकणारी मुलगी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत लांब उडीत बक्षिसं मिळायची, खेळाचा तास आवडायचा, म्हणून हौसेने प्रवेश घेतला. आता वाटतं, चुकलंच. वर्गातली निम्मी मुलं मोठ्या स्पर्धा खेळून आलेली आहेत. मला बास्केटबॉलमध्ये धड ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) जमत नाही, आणि कोलांटी उडी मारताना अजून पोटात गोळा येतो. शरीररचनाशास्त्र आणि बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींमागचं बलांचं शास्त्र) या दोन्ही पेपरांत जेमतेम पास झाले. गेल्या महिन्यात एका शाळेत पहिला सराव पाठ घेतला, बास्केटमध्ये बॉल टाकण्याचा. ३६ मुलं, एक रांग. पाठ टाचण तोंडपाठ होतं, शिस्तही राहिली. एक मुलगी मात्र नंबर जवळ आला की बुटाची लेस बांधायला वाकायची आणि हळूच मागे जाऊन उभी राहायची. मला दिसत होतं, पण काय करावं सुचेना. तास संपल्यावर निरीक्षक सरांनी माझ्या वहीत एकच ओळ लिहिली : ‘मुलं किती वेळ हलली?’ त्या रात्री मी खूप रडले. घरी आत्या म्हणते, पदवी घेऊन शेवटी शिट्टीच वाजवायची ना, मग दुसरं काहीतरी शिक. मी स्वतःच चांगली खेळाडू नाही, तर मुलांना काय शिकवणार? वर्ष संपायच्या आत सोडून द्यावं का?
— दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या लेस बांधणाऱ्या मुलीपाशी थांबले. तिच्याबद्दल तू दोन-तीन ओळीच लिहिल्यास आणि बाकी सगळं पत्र स्वतःच्या उणिवा मोजण्यात घालवलंस. माझं उत्तर मात्र त्या ओळींमध्येच आहे. सोडू नकोस. का, ते नीट सांगते, कारण नुसत्या धीराच्या शब्दांवर एवढा मोठा अभ्यासक्रम कुणाच्याने निभावत नाही.

आधी निरीक्षक सरांची ओळ. तुला ती टोमण्यासारखी लागली, पण ते एक गणित आहे. आपण सोडवू. तास ३५ मिनिटांचा धरू. मुलं वर्गातून निघून मैदानावर उभी राहीपर्यंत ५ मिनिटं गेली. हजेरी घेणं आणि रांग लावणं यात ६. बॉल कसा धरायचा, कोपर कुठे ठेवायचं, गुडघे किती वाकवायचे हे तू समजावलंस, त्यात ७. (पहिल्या पाठाला सगळेच याहून जास्त बोलतात.) उरली १७. समोर एक बास्केट आणि ३६ जणांची एक रांग. पुढे यायचं, बॉल घ्यायचा, नेम धरायचा, टाकायचा, घरंगळलेला बॉल आणून पुढच्याला द्यायचा, याला २५ सेकंद लागतात असं धर. ३६ गुणिले २५ म्हणजे ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटं. एक फेरी झाली आणि घंटा वाजली. ३५ मिनिटांच्या तासातली २५ सेकंद प्रत्येकाच्या वाट्याला आली. लेस बांधणाऱ्या मुलीच्या वाट्याला शून्य.

शिस्त राहिली हे चांगलंच झालं, पहिल्या पाठाला ती राहणं सोपं नसतं. पण रांगेत गप्प उभी असलेली मुलं लांबून शिस्तीची दिसतात, प्रत्यक्षात ती ताटकळत असतात. आणि एका रांगेत एकेकाने पुढे येऊन टाकायचं म्हणजे बाकी पस्तीस जण प्रेक्षक. ज्याला येतं त्याला ते आवडतं. ज्याला येत नाही, त्याला आपली चूक सगळ्यांनी बघितली एवढंच लक्षात राहतं. त्या मुलीला बॉलची भीती नव्हती, तिला रांगेची भीती होती, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

आता तीच १७ मिनिटं वेगळी लावून बघ. तीन-तीन मुलांचे बारा गट. बारा बास्केटबॉल एका वर्गाला सहसा मिळत नाहीत, म्हणून जे मिळतील ते बॉल घे : व्हॉलीबॉल, फुटबॉल, रबरी बॉल. कागदाचे बोळे चिकटपट्टीने घट्ट गुंडाळूनही काम भागतं. भिंतीवर खडूने वेगवेगळ्या उंचीवर गोल काढून ठेव. एकाने टाकायचं, दुसऱ्याने बॉल अडवून परत द्यायचा, तिसऱ्याने टाकणाऱ्याच्या कोपराकडे बघायचं आणि ते बाहेर गेलं तर सांगायचं. पाच वेळा टाकून झालं की जागा बदलायच्या. एका फेकीला आठ सेकंद धरलेस तरी पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या हातून तीस-पस्तीस वेळा बॉल सुटतो. एकाच्या जागी पस्तीस! आणि चूक झाली तर ती फक्त दोघांना दिसते, तेही पुढच्या मिनिटाला स्वतः चुकणारच असतात.

हजेरी मुलं हलत असतानाच घे. गट पक्के झाले की कोण नाही हे गटच सांगतो. उभं राहताना मुलांची पाठ सूर्याकडे असू दे, ऊन तू तोंडावर घे. मैदानाच्या मधोमध उभी राहू नकोस, कडेला राहा, म्हणजे पाठीमागे कुणी उरत नाही. शिट्टी फक्त थांबवण्यासाठी वापर. बोलवायला, रागवायला आणि सुरू करायलाही तीच शिट्टी वाजवलीस तर आठवड्याभरात तिच्याकडे कुणी लक्ष देणार नाही, आणि खरंच थांबवायची वेळ येईल तेव्हा ती वाया जाईल. आणखी एक, हे मी हात जोडून सांगते : दोन कॅप्टन नेमून त्यांना आळीपाळीने खेळाडू निवडायला कधीही सांगू नकोस. शेवटी उरणारी दोन मुलं कोण असतात हे प्रत्येक वर्गाला माहीत असतं, त्या मुलांना तर सगळ्यात आधी.

हे सगळं तुला आत्ता सुचलं नाही यात तुझा दोष नाही. अशीच अडचण एका शिक्षकाला आली होती आणि त्यातूनच तुला न जमणारा तो खेळ जन्माला आला. जेम्स नायस्मिथ यांना १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत १८ तरुणांचा एक वर्ग मिळाला. हिवाळा, बाहेर खेळता येत नाही, आत त्याच त्या कवायती. मुलं कंटाळून कुणाचं ऐकेनाशी झालेली. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नायस्मिथना बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ शोधायला १४ दिवस दिले. त्यांनी आधी मैदानावरचेच खेळ आत आणून बघितले. मुलं एकमेकांवर आदळत राहिली.

मग त्यांनी काय केलं, ते प्रत्येक सराव पाठाआधी वाचण्यासारखं आहे. ओरडून शिस्त लावायच्या फंदात न पडता, शरीरं एकमेकांवर का आदळतात हे त्यांनी शोधलं. बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायला त्याच्या अंगावर जावं लागतं. तर मग बॉल हातात घेऊन पळायचंच नाही. बॉल जिवाच्या आकांताने का मारतात? गोलची चौकट समोर उभी असते म्हणून. तर मग गोल डोक्यावर, आडवा ठेवायचा, म्हणजे बॉल अलगद, कमानीत टाकावा लागेल. शिपायाकडे त्यांनी लाकडी खोकी मागितली; त्याच्याकडे निघाल्या पीचच्या टोपल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून आजही बास्केट १० फुटांवरच असते. १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि डिसेंबरमध्ये नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. टोपल्यांना तळ होता, गोल झाला की कुणीतरी वर चढून बॉल काढायचा. म्हणजे पहिला तास काही फार सुरळीत नव्हता.

याच नायस्मिथनी पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला मार्गदर्शन केलं. त्या काळात संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. ज्याने खेळ शोधला त्याच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभव जास्त! जिंकून देणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, याचा याहून बोलका पुरावा माझ्याकडे नाही.

चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच संस्थेत शिकलेल्या विल्यम मॉर्गन यांच्याकडे होल्योक गावात मध्यमवयीन मंडळींचा वर्ग होता. त्यांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपेना. मॉर्गननी मध्ये साडेसहा फुटांवर जाळी बांधली आणि दोन्ही बाजू वेगळ्या करून टाकल्या. तो व्हॉलीबॉल. हे दोन्ही खेळ कुणा विजेत्याने शोधलेले नाहीत. आपल्या वर्गातल्या कुणाला खेळता येत नाहीये, हे ज्यांनी बघितलं त्या शिक्षकांनी ते शोधले.

आता तुझा मुख्य प्रश्न : मी चांगली खेळाडू नाही, तर काय शिकवणार?

कौशल्य कसं शिकलं जातं याचे तीन टप्पे पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडले. तुझ्या अभ्यासक्रमात ते येतील, कदाचित आलेही असतील. पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक हालचाल विचार करून करतो, तोंडाने पुटपुटतोसुद्धा. दुसऱ्यात हालचाली एकमेकींशी जुळू लागतात, चुका कमी होतात. तिसऱ्यात सगळं आपोआप घडतं, डोकं मोकळं राहतं. तुझ्या वर्गातले स्पर्धा गाजवलेले खेळाडू आपापल्या खेळात तिसऱ्या टप्प्यावर आहेत. त्यांना विचार, ड्रिबल कसा करतोस? ‘असा,’ म्हणून करून दाखवतील. ते लपवत नसतात, पहिला टप्पा त्यांना आता आठवतच नाही.

तुझंही तसंच आहे, लांब उडीत. पट्टीवर पाय पडण्याआधीचं, शेवटून दुसरं पाऊल तू कसं टाकतेस? आठवून सांग बघू. चांगला उडी मारणारा ते पाऊल थोडं लांब टाकतो, त्यात शरीर किंचित खाली बसतं, आणि शेवटचं पाऊल आखूड टाकून वर उसळतो. तूही बहुतेक हेच करत असशील आणि तुला पत्ता नसेल. उद्या एखाद्या मुलीला लांब उडी शिकवताना तू म्हणशील, ‘पळत ये आणि मार उडी.’ बास्केटबॉलमध्ये मात्र तू पहिल्या टप्प्यावर उभी आहेस, बॉल कुठे सटकतो हे तुला दर सेकंदाला कळतंय. मी तुझ्या जागी असते तर एक वही केली असती. कुठल्या सूचनेने मला काय जमलं, एवढंच तिच्यात लिहायचं. ‘तळवा नको, बोटांनी ढकल’ म्हटल्यावर जमलं? लिही. ‘बॉल कमरेच्या खालीच ठेव’ म्हटल्यावर? लिही. कशाने जमलं नाही, तेही लिही. नोकरी लागेल तेव्हा ही वही तुला छापील पुस्तकाइतकी उपयोगी पडेल.

याचा अर्थ ड्रिबल न शिकता चालेल असा घेऊ नकोस. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरतं आणि मुलांसमोर हळू, नीट करून दाखवण्यापुरतं प्रत्येक कौशल्य यायलाच हवं, त्यात सूट नाही. रोज वीस मिनिटं, त्यातली निम्मी डाव्या हाताने, आणि नजर बॉलवर नाही. सरावात एकच गोष्ट शंभर वेळा घोटण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी आलटून पालटून कर. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये केलेल्या प्रयोगात मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांनाच जास्त चांगलं जमलं. म्हणून सरावात गोंधळ झाला की लगेच निराश होऊ नकोस. आणि मुलांसमोर दाखवताना एखादी गोष्ट जमणार नसेल तर वर्गातल्या ज्या मुलाला येते त्याला पुढे घे. तो करेल, तू बोल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट मुलांना आपल्यातल्याच कुणाला तरी येतं हे बघून हुरूप येतो.

कोलांटी उडीची भीती तर मला तुझी जमेची बाजू वाटते. ज्याला कधीच भीती वाटली नाही तो मुलांना म्हणतो, ‘घाबरतेस काय, मार!’ तू असं म्हणणार नाहीस. तुला माहीत आहे की डोकं खाली गेल्यावर जमीन कुठे आहे हेच क्षणभर कळत नाही. म्हणून उतारावरून सुरुवात कर. गादीच्या एका टोकाखाली काहीतरी घट्ट सरकवून उतार केला की शरीर आपोआप गडगडतं, जोर कमी लागतो. हनुवटी छातीला चिकटवायची. मध्ये रुमाल धरायला लावला तर मुलांना ते लगेच समजतं, रुमाल पडला म्हणजे हनुवटी सुटली. गादीला टेकतो तो मानेचा मागचा भाग आणि खांदे, टाळू नाही. वजन हातांवर. आधार देणारी बाजूला गुडघ्यांवर बसते, एक हात डोक्यामागे, दुसरा मांडीखाली, आणि ती ढकलत नाही, सोबत जाते. हे सगळं आधी स्वतःवर करून घे, वर्गमैत्रिणीला आधार द्यायला सांगून. तुझ्या पोटातला गोळा कुठल्या पायरीला विरघळतो ते बघ. तीच पायरी तुझ्या विद्यार्थिनींनाही लागणार आहे.

इथेच तुझा जेमतेम पास झालेला बायोमेकॅनिक्सचा पेपर उपयोगी पडतो. अंग आवळलं की शरीराचं वस्तुमान फिरण्याच्या अक्षाजवळ येतं, जडत्वाचा आघूर्ण (फिरण्याला होणारा शरीराचा विरोध) कमी होतो आणि फिरणं वेगवान होतं. बर्फावर गिरकी घेणारी स्केटर हात छातीशी घेते ते यासाठीच. आता तो मुलगा आठव, जो कोलांटीच्या मध्यावर पाय ताणून धाडकन पाठीवर पडतो. त्याला पुन्हा पुन्हा ‘जोर लाव’ म्हणून उपयोग नाही. त्याला जोर भरपूर आहे, त्याने अंग फार लवकर उघडलं आहे. ‘टाचा नितंबांजवळ घे’ एवढं एकच सांग. पेपरात पाच मार्कांची असलेली व्याख्या मैदानावर एका वाक्याची सूचना होते, आणि ती सूचना बरोबर असते.

शरीररचनाशास्त्रही यादी घोकून येत नाही. रोज एक हालचाल घे. उभ्याने उडी, उदाहरणार्थ. खाली बसताना कुठले स्नायू ताणून शरीराला धरून ठेवतात, वर उसळताना नितंबाचे, मांडीच्या पुढचे आणि पोटरीचे स्नायू कुठल्या क्रमाने आकसतात, कुठला सांधा किती उघडतो. स्वतःच्या अंगाला हात लावून बघ. गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटांवर नडगीच्या हाडाला एक उंचवटा लागेल. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा कंडरा तिथे जोडलेला असतो. वाढीच्या वयात पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांचा नेमका हा उंचवटा दुखतो, कधी सुजतो. १९०३ मध्ये ज्या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं त्यांच्या नावाने त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. एखादा मुलगा उड्यांच्या तासाला ‘गुडघा दुखतो’ म्हणाला तर तो कामचुकारपणा करतोय असं समजणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तू त्याला नेमकं बोट कुठे ठेवतोस ते विचारशील, त्या उंचवट्यावर बोट गेलं तर उड्या थांबवशील, घरी कळवून डॉक्टरांकडे पाठवशील आणि तोवर दुसरं काहीतरी खेळवशील. यासाठी तो पेपर आहे.

वाढीचंही तेच. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ते वय मुलींमध्ये साधारण १२ आणि मुलांमध्ये साधारण १४, पण प्रत्येकाचं पुढेमागे होतं. एकाच इयत्तेत, एकाच रांगेत, शरीराने तीन-चार वर्षांचं अंतर असलेली मुलं शेजारी शेजारी उभी असतात. काल चपळ असलेला मुलगा अचानक अडखळायला लागतो, कारण हातपाय लांबले आणि त्यांचा अंदाज अजून जुनाच आहे. त्याला धांदरट म्हणू नये, थोडे महिने द्यावेत.

माझी एक चूक तुला सांगते, कारण ती अजून सलते. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, एक पाय अधू असलेला. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याला गुणफलक सांभाळायला दिला. तो मन लावून करायचा. खडूने पाच-पाचच्या नीट रेघा मारायचा, कुठेही चुकायचा नाही. आपण किती छान सामावून घेतलंय असं मला वाटत होतं. वर्षाच्या शेवटी शेरे लिहायला बसले. एकेका मुलापुढे लिहीत गेले : फेक सुधारली, तोल चांगला, सांघिक खेळात पुढाकार. त्याच्या नावापाशी आले आणि पेन थांबलं. लिहायला काहीच नव्हतं. वर्षभरात मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी त्याच्यासाठी बसून टाकायचे, एका जागेवरून नेमाचे खेळ बसवले आणि बाकीच्या मुलांनाही तेच खेळायला लावले. पण पहिलं वर्ष गेलं ते गेलंच.

लुडविग गुटमान या डॉक्टरांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शारीरिक शिक्षणाचा विषय तुझ्या अभ्यासक्रमात ऐच्छिक असेल तर तो आवर्जून घे. मी शिकत असताना तो टाळला होता.

आत्यांबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस, बहुतेक लोकांनी आपल्या शाळेत जो खेळाचा तास पाहिलेला असतो त्यावरूनच ते बोलतात. त्यांना सांग, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांच्याच २०१६ च्या जगभरच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढीही हालचाल करत नव्हती. युनेस्कोने १९७८ च्या सनदेत शारीरिक शिक्षण आणि खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. बाकीचे विषय मुलाचं डोकं घडवतात हे सगळ्यांना मान्य असतं. ते डोकं ज्या शरीरात पन्नास-साठ वर्षं राहणार आहे ते वापरायला शिकवणारा शाळेत एकच माणूस असतो. आणि मैदानावर कुणी कोसळलं तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब देता येणारी, दम्याच्या मुलाचा पंप कुठे आहे हे माहीत असणारी, डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळू न देणारी तीच शिक्षिका असते, मग संघ हरला तरी बेहत्तर. प्रथमोपचाराचे तास चुकवू नकोस, एवढंच तुला यात वेगळं सांगते.

हा अभ्यासक्रम कुणी सोडावा, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्याला फक्त स्वतःची कामगिरी पुढे न्यायची आहे त्याने खेळाडू व्हावं. ज्याला निवडक, तयारीच्या मुलांबरोबरच काम करायचं आहे त्याने प्रशिक्षकाचा मार्ग धरावा, तो मानाचा मार्ग आहे. प्रशिक्षकाला निवडता येतं. शिक्षकाला जो वर्ग मिळतो तो सगळाच्या सगळा आपला असतो. जाड, काटकुळी, घाबरट, मस्तीखोर, लेस बांधणारी, सगळी. त्यांचा ज्याला कंटाळा येतो त्याने इथे थांबू नये. तुला कंटाळा आलेला नाही. तू त्या धांदलीत, निरीक्षक समोर बसलेले असताना, ३६ जणांतून एकीला मागे सरकताना पाहिलंस. वाकण्याची तिची युक्तीसुद्धा तू टिपलीस. मला वाटतं, बास्केटबॉलच्या तासाला तूही कधीतरी अशी मागे सरकली असशील, म्हणून तुला ते दिसलं. शिकवण्याच्या बाकी पद्धती शिकता येतात. मस्का मॉस्टन यांनी १९६६ पासून मांडलेल्या शिकवण्याच्या शैली तू पेपरासाठी वाचशीलच, हुकमाने शिकवण्यापासून मुलांना स्वतः शोधू देण्यापर्यंतच्या. पण कुठली शैली कुणासाठी, हे ठरवायला आधी ते मूल दिसावं लागतं.

आता त्या मुलीचं. पुढचा पाठ त्याच वर्गावर असेल तर सगळ्यांदेखत तिचं नाव घेऊन तिला पुढे बोलावू नकोस, ‘घाबरू नकोस’ असंही म्हणू नकोस. तिला अजून वाटत असेल की तिची युक्ती कुणाला कळलेली नाही, तो आधार काढून घेऊ नकोस. तीन-तीनचे गट तूच आधी कागदावर पाड आणि तिला दोन शांत मुलींबरोबर ठेव. पहिल्यांदा तिला कोपर बघणारी कर. बघता बघता तिला कळेल की इतरांचंही चुकतं. भिंतीवरचा कुठला गोल घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, असा नियम सगळ्यांनाच लाव, म्हणजे तिने खालचा निवडला तरी त्यात काही वेगळं दिसणार नाही. तिचा नेम लागला तर लांबून टाळ्या वाजवू नकोस. जवळून जाताना, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू, नेमकं काय बरोबर झालं ते सांग : ‘कोपर आत राहिलं.’ आणि पुढे चालू लाग.

त्या तासाला एखाद्या वर्गमैत्रिणीला स्टॉपवॉच घेऊन कडेला बसव. ती लेस बांधणारी मुलगी हलायला लागली की घड्याळ चालू, ती ताटकळायला लागली की बंद. बाकी कुणाकडे बघायचं नाही. तास संपल्यावर जो आकडा येईल तो वहीत, निरीक्षक सरांच्या ओळीच्या खाली लिही, आणि मला कळव.